सामाईक टाकी

अण्णा संडासाच्या भिंतीला कान लावून उभे होते. डोळे मिटलेले आणि एक हात हवेत वर धरलेला, म्हणजे आम्ही श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

सूंऽऽऽऽ

"ऐक," ते कुजबुजले. "हा आपला आवाज नाही. पलीकडून येतोय."

"अण्णा, फ्लशची टाकी इथं आहे. तुमच्या खांद्याशी. ही पांढरी."

"टाकी इथं आहे, आवाज तिकडं आहे. जन्मभर भूमिती शिकवलीय मी. कुठला आवाज कुठल्या कोनातून येतो ते मला शिकवू नकोस."

"मग त्या कोनालाच सांगा, गप बस म्हणावं," दारातून आई म्हणाली. "झोपताना वाटतं, ओढ्यातच गादी टाकलीय."

सूंऽऽऽऽ

आणि मग भिंतीपलीकडून, अगदी अण्णांच्या कानाच्या उंचीवरून, कोणीतरी खोकलं.

अण्णा विंचू चावल्यासारखे मागं सरकले. भिंतीच्या त्या बाजूला मधूकाका कान लावून उभे होते.

इथं थांबून घर सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बार्शीत आमचा एक प्लॉट. त्यावर अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ मधूकाका, दोघांनी मिळून बांधलेलं जोडघर. मधली भिंत एकच. आमचा संडास त्या भिंतीच्या अलीकडे, काकांचा पलीकडे. दोन्ही कमोड, दोन्ही फ्लशच्या टाक्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच हातगाडीवरून आलेल्या. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी, तीही दोघांत एकच. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरायची आणि दोन्ही घरांनी ती आठवडाभर पुरवायची.

आणि अण्णा नि काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण पत्रिका. मंजिरीताईच्या, म्हणजे काकांच्या मुलीच्या लग्नाची. घरातला थोरला म्हणून अण्णांचं नाव सगळ्यात वर असायला हवं होतं. ते छापून आलं खाली, व्याह्यांच्या मावसभावाच्याही खाली. काका म्हणाले, छापखान्याची चूक. अण्णा काही म्हणाले नाहीत. लग्नात पंगतीत वाढलं, वऱ्हाडाचं मानपान सांभाळलं, अक्षता टाकल्या, सगळं केलं. बोलणं मात्र बंद केलं. नंतर काकांनीही बंद केलं. अंगण एकच होतं, मध्ये एक गुडघाभर उंचीचा कठडा. सहा वर्षांत त्या कठड्यावरून दोघांपैकी एकाचाही पाय पलीकडे गेला नव्हता.

घर सांगून झालं. आता अंगण.

त्या सुट्टीत मी पुण्याहून घरी आले होते. होस्टेलवरून आलेल्या मुलीला घरात काम नसतं, असं सगळ्यांचं मत. म्हणून मला काम मिळालं टपालाचं. अण्णा तुळशीला पाणी घालत होते. कठड्यापलीकडे काका स्कूटर पुसत होते. दोघांत अंतर म्हणाल तर हात लांब केला की खांद्याला लागेल एवढं.

काका म्हणाले, स्कूटरकडे बघत: "मृणे, तुझ्या बापाला सांग, आठवड्याची टाकी चौथ्या दिवशी खडखडीत होतेय. तुमचा संडास गळतोय आणि आमच्या डोक्यावर पाणी नाही."
मी पोचवलं: "अण्णा, काका विचारतायत, टाकी लवकर रिकामी होतेय का?"

अण्णा म्हणाले, तुळशीला: "त्याला सांग, गळतोय तो कुणाचा ते भिंतीला विचार. मोटारी वाइंड करायच्या धंद्यात त्याचे कान गेलेत."
मी पोचवलं: "काका, अण्णा म्हणतात, आवाज नक्की कुठून येतो ते बघायला हवं."

काका म्हणाले: "कान गेलेत काय! सगळं ऐकू आलंय मला."
हे पोचवायची गरज नव्हती.

अण्णा म्हणाले: "मग सांग म्हणावं त्याला, आधी स्वतःच्या संडासात बघ."
मी पोचवलं: "अण्णा म्हणतात, दोन्हीकडं बघू या."

"दोन्हीकडं?" काकांनी फडकं स्कूटरच्या सीटवर आपटलं. "आमच्याकडं कशाला? आमचं सगळं ठीक आहे. त्याला सांग, रविवारी सकाळी प्लंबर बोलावलाय मी. पाइप कापतो आणि माझी वेगळी टाकी बसवतो. मग बस म्हणावं तुझं पाणी घेऊन."

याचं मऊ रूपांतर मला सापडलं नाही.

अण्णांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीच्या शेजारी, नुसत्या फरशीवर ओतलं. "त्याला सांग," ते म्हणाले, "करवत नसेल तर माझी ने."

आणि दोघं आपापल्या दारातून आत गेले.

सूंऽऽऽऽ

दुपारी मागच्या अंगणात आई आणि शैलाकाकू बसल्या होत्या. धुणं धुवायचा दगड, त्यावर दोघींचे चहाचे कप. हे त्यांचं रोजचं. नवऱ्यांचा अबोला त्यांनी कधी स्वतःच्या अंगाला लावून घेतला नव्हता. पुरुष जेवून झोपले की या दगडावर दोन जावा. शेंगा सोलणं, भाजी निवडणं, आणि दोन्ही नवऱ्यांची बिनपाण्यानं हजामत.

"आज विनोद नाही वहिनी," काकू म्हणाली. "खरंच बोलावलाय त्यांनी प्लंबर."

"टाकी वेगळी झाली की काय होईल सांगू?" आई चहा न पिता म्हणाली. "टाकीवरून ठरेल की अंगणही वेगळं. मग हा कठडा डोक्याएवढा होईल. या दगडाच्या मधून जाईल भिंत. मग मी कुठं बसू आणि तू कुठं?"

काकूनं दगडावर हात फिरवला. नीळ लावलेले काकांचे पांढरे शर्ट तिच्या मागं दोरीवर वाळत होते.

"आधी गळतंय कुणाचं ते तरी कळू दे," मी म्हणाले. "आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाई एक युक्ती करतात. फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा आणि फ्लश करायचं नाही. अर्ध्या तासानं खाली भांड्यात रंग उतरला असेल, तर तळाचं रबर गेलं. नसेल तर टाकी ठीक."

"नुसतं बघून कळत नाही का गं?"

"भांड्याच्या कडेनं पाण्याचा पापुद्रा उतरतो फक्त, दिसत नाही. रंग असला की दिसतो."

"मग खालचा कॉकच बंद करू."

"बघा करून." दोन्ही घरांचे कॉक बार्शीच्या पाण्याच्या क्षारानं दगड झाले होते. अण्णांनी एकदा पान्यानं पिळायला घेतला, तर पान्याची मूठ हातात आली.

"आणि ह्यांना सांगायचं काय?" काकूनं विचारलं.

"सांगायचं नाहीच. तुमच्याकडं बघू या म्हटलं तरी काकांना अपमान वाटतो. अण्णांचंही तेच."

आईनं कप खाली ठेवला. "उद्या दुपारी. दोघं झोपले की दोन्हीकडं एकदम. रंग कुठला?"

"कुंकू आहे की देवघरात, भरपूर," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी होस्टेलवर धर्म बदलून आलेय.

"संडासात कुंकू?" आई.

"बरं, हळद."

"अगं बाई!" काकू.

"गुलाल?"

"गणपतीचा आहे तो!"

"मग नीळ," मी म्हणाले. "निळीला कुणी नमस्कार करत नाही ना?"

निळीवर दोघींचं एकमत झालं.

शनिवारी जेवणं झाली. अण्णा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले. आईनं फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं, मी नीळ ओतली, झाकण ठेवलं, पाय न वाजवता बाहेर आलो. कठड्याशी काकू उभी होती, हातात रिकामं पातेलं.

"वहिनी, माझी नीळ संपलीय हो."

"आमची पण संपली, होती ती सगळी ओतली हिनं. आता?"

"आज कोशिंबिरीला बीट उकडलं होतं. त्याचं पाणी होतं पातेलंभर. ते टाकलं आत्ताच."

"चालेल," मी म्हणाले. "रंग दिसल्याशी कारण. फक्त काका उठायच्या आत बघायला हवं."

"ते कुठले उठतायत," काकू म्हणाली.

आम्ही तिघी दगडावर बसलो. शेंगा पुढं होत्या, पण सोलत कुणीच नव्हतं.

सूंऽऽऽऽ

पुरेसा वेळ झाला असं आईला वाटलं तेव्हा आम्ही दोघी आत गेलो. मी कमोडचं झाकण उचललं.

भांड्यातलं पाणी निळं होतं. हलकं नव्हे, शर्टाला चालेल असं निळं.

आई भिंतीला टेकली. "आपलंच," ती म्हणाली. "सहा वर्षं ताठ मान करून हिंडणार आणि शेवटी आपलंच. आता ह्यांना कसं सांगायचं गं?"

"काय सांगायचं?"

मागं अण्णा. कपाळावर वर्तमानपत्राची शाई उमटलेली. त्यांनी आम्हाला बाजूला केलं, आत वाकून बघितलं.

"हे निळं कुणी केलं?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. नेहमीचा नव्हे. बारीक, मुलासारखा.

"शैला... शैला गं!"

मग बादली कलंडल्याचा आवाज.

"शैला, रक्त! सगळं लाल झालंय. शैला!"

मला एका क्षणात सगळं कळलं. काका झोपेतून अर्धवट उठून, चष्मा उशाशी ठेवून तसेच संडासात जायचे. खाली बघायचे ते उठताना. मी "बीट!" म्हणणार होते. पण अण्णांचा चेहरा पाहिला आणि शब्द राहिला. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. माझ्या आजोबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. एका दुपारी, अशाच लाल पाण्यापासून. त्यांना दवाखान्यात नेताना दोन्ही बाजूंनी धरायला हे दोघे भाऊ होते.

अण्णांनी भिंतीवर मूठ मारली.

"मध्या!"

(भिंत.)

"मध्या, मी बोलतोय. ऐकतोयस का?"

(भिंत.)

"अरे बोल की!"

(भिंत.)

"...दादा?"

"उठू नकोस. बसून राहा. आलो मी."

आणि अण्णा निघाले. अनवाणी, बनियनवर. मागच्या दारानं अंगणात, आणि कठडा तर त्यांनी पाहिलासुद्धा नाही. तो वाटेत होता म्हणून ओलांडला. मागून आई, आईमागून मी.

काकांच्या संडासाचं दार आतून बंद. बाहेर काकू उभी. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे गदगद हलत होते. मला वाटलं, घाबरून रडतेय.

"काकू, सांग की त्यांना—"

आईनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"थांब," ती माझ्या कानात म्हणाली. "सहा वर्षांचं तुंबलंय. जरा निघू दे."

"मध्या, दार उघड," अण्णा दाराला तोंड लावून म्हणाले.

"नको दादा. पायजमा..."

"बरं, नको उघडू. चक्कर येतेय?"

"नाही."

"पोटात दुखतंय?"

"नाही. काहीच होत नाहीये."

"होत नाही ना? मग बरंय."

"बाबांना पण काही होत नव्हतं दादा."

यावर अण्णांनी दारावर तळहात ठेवला. नुसता ठेवला.

"तेव्हा दवाखाने असे नव्हते," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता सोलापूरला जाऊ. मी येतो बरोबर. कुणाला सांगायचं नाही, काही नाही. तू आणि मी."

आतून नाक ओढल्याचा आवाज.

"दादा, ती पत्रिका."

"राहू दे ते आता."

"नाही, ऐक. छापखान्याची चूक नव्हती ती. व्याही म्हणाले, आमची माणसं वर टाका. मला नाही म्हणता आलं नाही. मंजीचं लग्न मोडेल असं वाटलं. मीच तुझं नाव खाली घातलं."

"माहीत आहे."

"काय?"

"छापखानेवाला लग्नात माझ्याच पंगतीला होता. जिलबी खाता खाता त्यानं सांगितलं मला."

पाणी तेवढं चालू होतं.

सूंऽऽऽऽ

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस?" काकांचा आवाज आता जवळून आला. तेही दाराशी आले असावेत.

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो होतो. अरे मध्या, तेव्हाच आला असतास, 'दादा असं असं आहे' म्हणाला असतास, तर मीच म्हणालो असतो, घाल नाव खाली. पार तळाला घाल, मांडववाल्याच्या खाली घाल. मंजीपुढं माझं नाव काय घेऊन बसलास?"

मी आईकडं बघितलं. तिनं माझं मनगट सोडलं आणि डोळे पुसले.

"शैला," ती म्हणाली, "आता सांग."

काकूनं पदर तोंडातून काढला. "अहो, ऐकलंत का? रक्त नाहीये ते. बीट आहे."

"काय?" एकदम दोन आवाज. एक दाराच्या आतून, एक बाहेरून.

"बीटचं पाणी. मी टाकीत टाकलं होतं, गळतंय का बघायला. आणि गळतंय."

दार उघडलं. काका पायजम्याची नाडी धरून उभे. केस उभे, डोळे लाल, चष्मा नाही. ते अण्णांकडं बघत राहिले, अण्णा त्यांच्याकडं.

"बीट," काका म्हणाले.

"बीट," अण्णा म्हणाले.

"म्हणजे मी जे काय बोललो आत्ता—"

"बोललास ते बोललास. आता परत घेता यायचं नाही." अण्णांच्या पोटातून काहीतरी वर येत होतं, ते त्यांनी दाबून धरलं होतं. "फ्लश केलंस का?"

"नाही."

"मग कर की."

आणि मग ते दाबलेलं सुटलं. अण्णा चौकट धरून हसायला लागले. काका आधी चिडले. "यात हसण्यासारखं काय आहे? माझा जीव जायची वेळ आली होती!" असं ओरडता ओरडता तेही खाली बसले आणि हसायला लागले. दोघं काकांच्या संडासाच्या उंबऱ्यात बसून हसत होते, एकाच्या पायात चप्पल नाही, दुसऱ्याची नाडी सुटलेली. अण्णांना मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आणि दादा," काका धापा टाकत म्हणाले, "तुझं काय? तुझं गळतंय की नाही?"

अण्णा थांबले. आमच्याकडं बघितलं.

"निळं आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी दोन्ही टाक्यांची झाकणं अंगणात आली. कठड्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन साखळ्या, दोन तरंगणारे बॉल आणि तळाची दोन रबरं मांडली. दोन्ही रबरं एकाच जागी, एकाच बाजूनं झिजलेली.

"एकाच दिवशी घेतली होती आपण," काका म्हणाले.

"मग एकाच दिवशी जाणारच," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी प्लंबर खांद्यावर करवत घेऊन आला. "कुठं कापायचं?" म्हणाला. "काय कापायचं?" अण्णा म्हणाले. "कुणी सांगितलं कापायला?" काका म्हणाले. त्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, दोन्ही घरांत नवी रबरं बसवली, कॉक बदलले, आणि जाताना मला हळूच विचारलं, "ताई, इथंच बोलावलं होतं ना मला?"

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. गच्चीवरची टाकी अजून एकच आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचंच, दुपारचं.

आईनं काकूचं बीटचं पातेलं माझ्याकडं दिलं. घाईत ते आमच्या घरी आलं होतं. ते द्यायला मी पलीकडं गेले. काकू मोरीत होती. पातेलं कुठं ठेवावं म्हणून मी वर फळीकडं बघितलं. साबणाच्या वड्यांमागं निळीची बाटली उभी होती. गळ्यापर्यंत भरलेली. मला दोरीवरचे काकांचे शर्ट आठवले.

"काकू," मी म्हणाले, "नीळ संपली होती ना?"

तिनं फळीकडं बघितलं. हात पदराला पुसले. बाटली उचलली, आणि नाव भिंतीकडं करून साबणामागं आणखी आत सरकवली.

"हो का गं?" ती म्हणाली. "तेव्हा दिसलीच नाही बघ."

"आणि काका त्या वेळेला उठतात हे पण नाही ना आठवलं?"

"तीस वर्षं रोज त्याच वेळेला उठतात," काकू म्हणाली. "आठवायचं काय त्यात?"

बाहेर अंगणात आवाज चढले होते. "मध्या, साखळी आखूड लावून घेतलीस तू!" "तू भूमिती शिकव दादा, साखळी मला शिकवू नकोस!" "अरे, आखूड साखळीनं रबर नीट बसत नाही, परत गळेल!" "गळू दे, माझी टाकी आहे!" "तुझी कुठली, वरची एकच आहे!" शेजारची बाई काय झालं म्हणून गॅलरीत आली होती.

काकूनं मला हातानं थांबवलं. संडासाच्या भिंतीशी गेली, अण्णांनी लावला होता तसा कान लावला, आणि डोळे मिटले.

"ऐक," ती म्हणाली. "किती शांत वाटतंय."